भिंगाची बैठक : लायका कॅमेऱ्याच्या अस्सलपणाचें एक प्रमाण

जुन्या सनदेचा खरेखोटेपणा ठरवितांना संशोधक आधीं मजकुराकडे न वळतां कागद, शाई, शिक्के आणि अक्षराचें वळण यांकडे पाहतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. मजकूर हवा तसा लिहितां येतो. कागदास मात्र आपला काळ लपवितां येत नाहीं. हाच न्याय यंत्रांसही लागू पडतो. ज्यांचीं भिंगें बदलतां येतात अशा जुन्या कॅमेऱ्यांचा संग्रह आतां नाण्यांच्या व पोथ्यांच्या संग्रहाइतक्याच आस्थेनें केला जातो, आणि त्यांचे लिलावही तितक्याच ईर्षेनें होतात. इ. स. २०२२ च्या जूनमध्यें जर्मनींतील वेट्झलार येथें ऑस्कर बर्नाक याच्या स्वतःच्या वापरांतील १०५ क्रमांकाचा लायका कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंस विकला गेला. जेथें एवढें द्रव्य खेळतें तेथें कूटलेख निपजावयाचेच. अशा यंत्राच्या अंगावरील नांव, चिन्ह व क्रमांक हे दुय्यम साक्षीदार होत. मुख्य साक्षीदार म्हणजे भिंग आणि कॅमेरा यांचा सांधा, अर्थात् भिंगाची बैठक होय, एवढेंच प्रस्तुत लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे.

हा सांधा इतका महत्त्वाचा कां, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. एकोणिसाव्या शतकांतील कॅमेरा म्हणजे एक लांकडी पेटी. पुढें भिंगाची फळी, मागें घासलेली कांच आणि मध्यें भाता. छायाचित्रकार डोक्यावरून काळें कापड ओढून त्या कांचेवर उलटी प्रतिमा पाही व ती रेखीव होईपर्यंत भाता मागेंपुढें सरकवी. पेट्झव्हालचें १८४० चें भिंग असो कीं डालमायरचें १८६६ चें असो, फळींत बसलें म्हणजे झालें. तें मागील कांचेपासून किती अंतरावर आहे हें मोजण्याची कोणास गरज नव्हती, कारण निर्णय डोळाच देई. भिंग बदलणें ही त्या काळीं सुताराची बाब होती.

वेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथील बर्नाक यानें चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन तीवर २४ × ३६ मिलिमीटरचें चित्र टिपणारा मुठीएवढा कॅमेरा रचला, आणि इ. स. १९२५ च्या वसंतांत लाइप्झिगच्या जत्रेंत तो विक्रीस मांडला गेला. त्याचें ५० मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग माक्स बेरेक यानें गणित करून सिद्ध केलें होतें. (नाभ्यंतर म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेथें एकवटते तेथपर्यंतचें अंतर.) परंतु या कॅमेऱ्यांत घासलेली कांच नव्हती, प्रतिमा आधीं पाहण्याची सोय नव्हती. भिंगाच्या कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले, त्यांवर विश्वास ठेवावयाचा. अर्थात् भिंग फिल्मपासून ठरल्या अंतरावर नेमकें बसलें असेल तरच तो विश्वास सार्थ. ३.५ छिद्रमानाच्या भिंगाची बैठक एक दशांश मिलिमीटरनें चुकली, तर बिंदूच्या जागीं सुमारें ०.०३ मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ उमटतें; आणि एवढ्या लहान चित्रांत रेखीवपणाची मर्यादा सामान्यतः तितकीच धरतात. म्हणजे एक दशांश मिलिमीटर ही चुकीची शेवटची सीमा झाली. या कारणास्तव पहिल्या कॅमेऱ्यांचें भिंग कायमचें जडवलेलें असे.

इ. स. १९३० मध्यें लाइट्झ यांनीं भिंग उतरवितां येईल असा लायका प्रथम विकावयास काढला. ३५, ५० व १३५ मिलिमीटरचीं एल्मार भिंगें त्यास लागत. मात्र प्रत्येक कॅमेऱ्याची बैठक अजून एकसारखी साधली नव्हती. म्हणून भिंगें त्या त्या कॅमेऱ्यावरच जुळवून देत, आणि ओळख राहावी म्हणून भिंगावर त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे आकडे कोरीत. एकाचें भिंग दुसऱ्यास लावल्यास चित्र पुसट येई. पुढच्याच वर्षीं, १९३१ मध्यें, बैठकीच्या पृष्ठापासून फिल्मपर्यंतचें अंतर २८.८ मिलिमीटर असें कायम करण्यांत आलें. ज्या कॅमेऱ्यांत व भिंगांत हें प्रमाण पाळलें आहे त्यांच्या बैठकीवर शून्याचा लहानसा आकडा कोरलेला आढळतो. आमच्या मतें या यंत्राच्या इतिहासांतील सर्वांत अर्थपूर्ण अक्षर तेंच. त्या शून्यापूर्वीं भिंग हें एका कॅमेऱ्याची सहधर्मचारिणी होतें. त्यानंतर कोणतेंही भिंग कोणत्याही कॅमेऱ्यास चालूं लागलें.

बैठकीच्या मळसूत्राचीही एक मौज आहे. त्याचा व्यास ३९ मिलिमीटर, म्हणजे मेट्रिक. परंतु त्याचे आटे मात्र दर इंग्रजी इंचास २६. जर्मन कारखान्यांत हें इंग्रजी माप कोठून आलें? सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगास लंडनच्या सूक्ष्मदर्शक मंडळानें १८५८ च्या सुमारास ठरविलेलें इंग्रजी मळसूत्र पुढें सर्व युरोपांत रूढ झालें होतें. लाइट्झ यांचा मूळ धंदा तोच. त्यामुळें इंग्रजी आटे पाडण्याची हत्यारें व संवय त्यांच्या घरीं आधींच होती, हेंच कारण संभवतें. एखाद्या लेखकाच्या देवनागरींत त्याच्या मायदेशींचें वळण डोकावावें, तसा हा प्रकार.

आतां प्रतींकडे वळूं. युक्रेनांतील खार्किव्ह येथें निराधार मुलांसाठीं काढलेल्या एका वसाहतींत, जेथें प्रसिद्ध शिक्षणज्ञ आंतोन माकारेंको हे काम करीत, इ. स. १९३४ मध्यें लायकाची नक्कल तयार होऊं लागली. वसाहतीस ज्याचें नांव होतें त्या फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून तिला ‘फेड’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथें १९४८ पासून ‘झोर्की’ निघाला. इंग्लंडांत रीड, अमेरिकेंत कार्डन, जपानांत लिओटॅक्स व निक्का असे आणखीही भाऊबंद जन्मास आले. या सर्व प्रती आपापल्या नांवानें प्रामाणिकपणें विकल्या जात. फेडला बनावट म्हणण्याची चाल संग्राहकांत पडली आहे, ती आम्हांस अन्यायाची वाटते. नकलकारानें पोथीच्या शेवटीं आपलें नांव-गांव लिहून ठेवलें असतां त्यास कूटकार कोण म्हणेल? लबाडी पुढची आहे. फेड व झोर्की यांवरील मूळ नांव घासून काढून तेथें ‘लायका’, जर्मन वायुदलाचें किंवा आरमाराचें चिन्ह, अथवा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा उल्लेख कोरणें, वर सोन्याचा मुलामा चढविणें, आणि युद्धकालीन दुर्मिळ वस्तु म्हणून ती गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधणें, हा धंदा नंतरच्या व्यापाऱ्यांचा.

अशा वस्तूची परीक्षा कशी करावी? कोरीव अक्षरांवर वेळ घालवूं नये. प्रथम भिंग उतरवावें. १९३२ च्या दुसऱ्या प्रकारापासून लायकामध्यें अंतरमापक भिंगाशीं जोडलेला असतो. बैठकीच्या तोंडांतून आंत पाहिलें असतां वरच्या अंगास त्याची एक लहानशी भुजा दिसते. भिंगाच्या मागील कड्यास टेकणाऱ्या या भुजेच्या टोकास अस्सल लायकांत एक वाटोळें चाक असतें. फेड व झोर्की यांत चाकाच्या जागीं पाचरीसारखा धातूचा तुकडा असतो. अक्षरें खोडून नवीं कोरण्यास एक घटका पुरते. ही भुजा बदलावयाची तर अंतरमापकाची सर्व घडी पुन्हां जुळवावी लागेल, आणि तेवढे कष्ट घेणारा मनुष्य बनावट वस्तु विकावयास बसत नाहीं.

दुसरी परीक्षा भिंगाची. अस्सल एल्मारमध्यें छिद्र लहानमोठें करणारा पडदा पहिल्याच कांचेच्या लगत मागें असतो. फेडच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाचें बाह्यरूप एल्मारचें उचललेलें आहे, परंतु आंतील रचना झाइस यांच्या टेसारच्या घराण्यांतील. तेथें पडदा दुसऱ्या कांचेच्या मागें, खोलवर आहे. छिद्र लहान करून पुढून तिरपें पाहिलें कीं फरक कळतो. नकलकारानें एका आदर्श प्रतीवरून बाहेरची पानें उतरलीं आणि आंतील पाठ दुसऱ्या शाखेंतून घेतला! भांडारकर संस्थेच्या महाभारताचे पाठभेद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस अशा मिश्र प्रतीचें नवल वाटणार नाहीं.

आट्यांवरून मात्र निर्णय देण्याची घाई करूं नये. सोव्हिएत भिंगांचे आटे दर फेऱ्यास १ मिलिमीटर. लाइट्झ यांचे हिशोबानें ०.९७७ मिलिमीटर. फरक इतका सूक्ष्म कीं एकाचें भिंग दुसऱ्यांत निमूटपणें फिरतें. त्यांतून युद्धपूर्व फेडमध्यें २८.८ चें प्रमाणही पाळलेलें नव्हतें. प्रत्येक कॅमेरा आपल्याच भिंगाशीं जुळविलेला. याहून मोठा चकवा ‘झेनिट’चा. क्रास्नोगोर्स्क येथें १९५२ मध्यें निघालेल्या या आरशाच्या कॅमेऱ्यास तेंच ३९ मिलिमीटरचें मळसूत्र ठेवलें. परंतु भिंगामागें आरशास जागा हवी म्हणून अंतर ४५.२ मिलिमीटर झालें. झेनिटचें भिंग लायकावर व्यवस्थित बसतें, आणि कोणतीही वस्तु कधींच रेखीव दाखवीत नाहीं. एकच अक्षर दोन लिप्यांत असून उच्चार निराळा, असाच हा प्रकार. आणि विक्रेता त्या भिंगास ‘लायकाचें’ म्हणतो तेव्हां तो खोटें बोलत आहे कीं अज्ञानी आहे हें ठरविणें कठीण.

बैठकीचें प्रमाण सर्वत्र चालतें असेंही नाहीं. झाइस-आयकॉन यांनीं १९३२ मध्यें ड्रेस्डेन येथून काढलेल्या कॉन्टॅक्सची बैठक मळसूत्राची नसून संगिनीसारखी अडकवावयाची होती. युद्धानंतर त्याची यंत्रसामग्री सोव्हिएत संघांत नेण्यांत आली आणि १९४७ पासून कीव्ह शहरांतील आर्सेनाल कारखान्यांत तोच कॅमेरा ‘कीव्ह’ या नांवानें निघूं लागला. येथें सांधा तंतोतंत एकच आहे. तो साक्ष देत नाहीं. अशा वेळीं क्रमांकाकडे जावें. १९५० नंतरच्या बहुतेक सोव्हिएत कॅमेऱ्यांच्या व भिंगांच्या क्रमांकांतील पहिले दोन आकडे हें निर्मितीचें वर्ष असतें. ५६ नें आरंभ होणारें सात आकडी क्रमांकाचें ज्युपिटर भिंग १९५६ चें समजावें. आपल्या पोथ्यांच्या पुष्पिका इतक्या सरळ असत्या तर कित्येक वाद उद्भवलेच नसते.

उलट दिशेची सावधगिरीही हवी. लाइट्झ यांचा कारखाना ग्राहकाचा जुना कॅमेरा परत घेऊन त्यास नवा अंतरमापक, नव्या गति आणि प्रमाणित बैठक बसवून देई, व मूळ क्रमांक तसाच ठेवी. त्यामुळें क्रमांक १९३० चा आणि रूप १९३३ चें असा कॅमेरा हातीं येतो. त्यास बनावट ठरविणें उतावळेपणाचें होईल. जुन्या पोथीचीं जीर्ण पानें पुढच्या पिढीनें नव्यानें लिहून घातलीं, एवढाच त्याचा अर्थ. आणि अशी दुरुस्ती खुद्द मूळ घराण्याच्या हातची असल्यानें तिला स्वतंत्र मोल आहे.

उपकरणांविषयीं एक-दोन शब्द. तारेनें मागणी पाठविण्याच्या सोयीसाठीं लाइट्झ प्रत्येक उपकरणास पांच रोमन अक्षरांचें नांव देत. हीं पंचाक्षरीं नांवें यादींत वाचतांना मंत्रकोश उघडल्याचा भास होतो. ‘विडोम’ म्हणजे निरनिराळ्या भिंगांचें दृश्यक्षेत्र दाखविणारी दुर्बिणीवजा नळी, ‘फिसन’ म्हणजे एल्मारवरील ऊन अडविणारें टोपण, ‘नूकी’ म्हणजे जवळच्या वस्तूसाठीं भिंग पुढें सरकविणारें कडें. आमच्या वाचकांस ‘बेओन’ अधिक जवळचें वाटेल. हा युद्धोत्तर काळांतील नकला घेण्याचा स्टँड. त्यांतील कडीं बदलून मूळ आकाराएवढी प्रतिमा किंवा तिच्या एक-तृतीयांशापर्यंत लहान प्रतिमा घेतां येते. शिक्का, नाणें किंवा समासांतील बारीक टीप यांसाठीं तो योग्य. पोथीचें सबंध पान त्यांत मावत नाहीं.

१९५४ मध्यें लायकानें मळसूत्र सोडून अडकवावयाची बैठक घेतली, तेव्हां नवें अंतर बुद्ध्याच २७.८ मिलिमीटर ठेवलें. त्यामुळें १ मिलिमीटर जाडीचें कडें मध्यें घातलें कीं १९३१ पासूनचीं सर्व प्रमाणित भिंगें नव्या कॅमेऱ्यास चालतात. जुन्या ग्राहकाविषयीं इतकी आस्था दाखविणारे कारखाने थोडे. अलीकडे मात्र याच सोयीस निराळें वळण लागलें आहे. २०१० मध्यें निघालेल्या सोनीच्या आरसाविरहित कॅमेऱ्याचें अंतर अवघें १८ मिलिमीटर, मध्यें १०.८ मिलिमीटरचें कडें घातलें कीं लायकाचें जुनें भिंग त्यावर बसतें, आणि पडद्यावर प्रतिमा प्रत्यक्ष दिसत असल्यानें जुळवाजुळवीचीही चिंता नाहीं. परिणामीं भिंगास मागणी आली, कॅमेऱ्यास तितकी राहिली नाहीं. आणि व्यापारी भिंग एकास व कॅमेरा दुसऱ्यास विकूं लागले. शून्याची खूण असलेल्या जोडीचें यांत फारसें बिघडत नाहीं. परंतु १९३०-३१ च्या ज्या भिंगांवर कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे आकडे आहेत, त्यांची जोडी फुटली म्हणजे त्या आकड्यांचा अर्थच नष्ट होतो.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं शून्याची खूण नसलेला मळसूत्री लायका असेल, त्यांनीं भिंग उतरवून बैठक तपासावी, भिंगावरील आकडे व कॅमेऱ्याचा पूर्ण क्रमांक एकाच पत्रावर तारखेसह लिहून ठेवावा, आणि विक्रीचा प्रसंग आलाच तर तें पत्र दोहोंबरोबर द्यावें. घासण्यापुसण्याचा मोह मात्र टाळावा. बैठकीच्या कड्यावरील काळा थर निघाला कीं बारीक आकडेही कित्येकदां त्याबरोबर जातात.