मुलांमधील मेंदूची गाठ: किरणोपचारासोबत केमोथेरपी का देतात?

मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन होते. गाठ निघाल्याचे सर्जन सांगतात. मूल पुन्हा धरून धरून चालायला लागते आणि घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. मग दुसरे डॉक्टर समोर बसवून सांगतात, "आता सहा आठवडे किरणोपचार, त्यासोबत केमोचे इंजेक्शन, आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर पुन्हा केमो." बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न असतो, "गाठ तर काढली ना? मग हे दोन-दोन उपचार कशाला? एकानेच भागणार नाही का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजले की पुढचे कठीण महिने निभावणे थोडे सोपे जाते, म्हणून ते इथे सविस्तर देत आहोत. लेखात मुख्यतः मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचा विचार केला आहे. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींमध्ये ही सर्वात जास्त आढळते आणि दोन्ही उपचारांची सांगड सर्वात जास्त उपयोगी ठरली तीही हिच्यातच.

गाठ काढल्यावर उरते काय?

मेड्युलोब्लास्टोमा लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात होते. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखणे, उलटी झाल्यावर बरे वाटणे, चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे ही तिची लक्षणे आहेत. अनेक मुलांना आधी महिनाभर ॲसिडिटीचे नाहीतर जंताचे औषध दिले गेलेले असते.

मेंदू आणि मणक्यातील मज्जारज्जू यांच्याभोवती एक पाणी सतत फिरत असते. या गाठीच्या पेशी त्या पाण्यातून कुठेही जाऊन रुजू शकतात. डोळ्याला दिसणारी गाठ सर्जन काढतात, पण पाण्यात सुटलेल्या पेशी चिमट्यात येत नाहीत. म्हणूनच ऑपरेशननंतर संपूर्ण मणक्याचा एमआरआय करतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पाठीतून पाणी काढून तपासतात. आजार कुठेही पसरलेला नसेल आणि उरलेली गाठ दीड चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठी नसेल, तर धोका 'सामान्य' मानतात. तसे नसेल तर 'जास्त'. अलीकडे गाठीच्या जनुकीय तपासणीवरूनही गट ठरवला जातो.

दोन उपचारांची सांगड कशी बसली?

पूर्वी ऑपरेशननंतर फक्त किरणोपचार देत असत. संपूर्ण मेंदू आणि मणक्याला ३६ ग्रे, आणि गाठीच्या जागी त्याहून जास्त. (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक आहे.) बरीच मुले वाचली, पण त्यांची उंची खुंटली. शाळेत ती मागे पडू लागली. वाढत्या मेंदूला किरणांची किंमत मोजावी लागते, आणि मूल जितके लहान तितकी ती जास्त.

मग डॉक्टरांनी डोस कमी करून पाहिला. १९८०च्या दशकात अमेरिकेत सामान्य धोक्याच्या मुलांना ३६ ऐवजी २३.४ ग्रे, तेही केमोशिवाय, देऊन पाहिले. आजार लवकर परतू लागला आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढे तोच २३.४ ग्रेचा डोस केमोच्या जोडीने दिला. किरणोपचार चालू असताना दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन आणि नंतर सिस्प्लॅटिनसारख्या औषधांचे अनेक हप्ते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ३७९ मुलांच्या अभ्यासात पाच वर्षांनी ८६ टक्के मुले हयात होती.

म्हणजे केमो ही किरणांवर चढवलेली जादा शिक्षा नाही. केमो आहे म्हणूनच मुलाच्या मेंदूला किरण कमी देता येतात. "केमो फार त्रासाचा आहे, नुसता शेक द्या" असे म्हणणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगावे लागते. कमी केलेल्या डोसच्या पाठीशी केमो नसेल, तर तो डोस पुरेसा पडत नाही.

डोस आणखी उतरवण्याचाही प्रयत्न झाला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना १८ ग्रे देऊन पाहिले, पण निकाल २३.४ ग्रेपेक्षा वाईट आला. त्यामुळे "अजून थोडे कमी करा ना, डॉक्टर" या विनंतीला सध्या मान देता येत नाही. त्याच अभ्यासातून एक दिलासाही मिळाला. शेवटचा वाढीव डोस लहान मेंदूच्या संपूर्ण भागाला न देता फक्त गाठीच्या जागेपुरता दिला तरी चालतो.

जास्त धोक्याच्या मुलांसाठी रोजच्या किरणांबरोबर कार्बोप्लॅटिन देऊन पाहिले आहे. २०२१ साली आलेल्या निकालात सर्व मुलांना मिळून ठळक फायदा दिसला नाही. मात्र 'ग्रुप ३' या जनुकीय गटातील मुलांमध्ये पाच वर्षे आजार न परतण्याचे प्रमाण सुमारे ५४ वरून ७३ टक्क्यांवर गेले. गाठीचा नमुना जनुकीय तपासणीला पाठवू का, असे डॉक्टरांनी विचारले तर हे ध्यानात ठेवा. व्हिन्क्रिस्टिनचा मात्र किरणांच्या सोबतीने नेमका किती उपयोग होतो, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. त्यामुळे दोन रुग्णालयांचा बेत थोडा वेगळा असला तर घाबरू नका.

तीन वर्षांखालील बाळांना शक्यतो आधी केमो देऊन किरणोपचार पुढे ढकलतात किंवा टाळतात. मेंदूच्या देठातील पसरट गाठीत, म्हणजे डीआयपीजीमध्ये, केमोची जोड देऊन आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. तिथे किरणोपचार हाच मुख्य आधार. थोडक्यात, शेजारच्या खाटेवरील मुलाचा उपचार तुमच्या मुलाला लागू असेलच असे नाही.

फुलचूरसारख्या गावातून हा उपचार पुरा कसा करायचा?

किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतात. रोजचे काम काही मिनिटांचे असते, पण मुलाला चेहऱ्याच्या मापाचा साचा लावून अगदी स्थिर झोपावे लागते. लहान मुलांना त्यासाठी रोज भूल देतात आणि उपाशी ठेवतात. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. कागदावर रोज ये-जा जमेल असे वाटते. पण उपाशी, उलट्या करणाऱ्या, रक्तपेशी कमी झालेल्या मुलाला घेऊन तीस दिवस गर्दीच्या गाडीत बसणे म्हणजे संसर्गाला निमंत्रण, आणि एक गाडी चुकली की एक दिवस गेला. सहा आठवडे रुग्णालयाजवळ राहा. नागपूर असो वा मुंबईचे टाटा रुग्णालय, पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात जाऊन धर्मशाळेची चौकशी करा.

दिवस चुकण्याबद्दल इतके का सांगतो? १९९२ ते २००० या काळात ब्रिटन आणि इतर देशांत झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचे किरणोपचार ५० दिवसांच्या आत पूर्ण झाले त्यांपैकी ८४ टक्के मुले तीन वर्षांनी हयात होती. ज्यांचे लांबले त्यांच्यात हे प्रमाण ७१ टक्के होते. रोवणीचे दिवस आहेत, घरात लग्न आहे, दिवाळी आहे, ही कारणे खरीच असतात आणि शेतकऱ्याच्या घरात ती लहान नसतात. पण त्यासाठी सुट्टी घ्यायची असेल तर ती किरणोपचार संपल्यावर, केमोच्या दोन हप्त्यांच्या मधे, डॉक्टरांना विचारून घ्या. किरणोपचार चालू असताना रक्तपेशी फार कमी झाल्या तर डॉक्टर शक्यतो आधी केमो थांबवतात, किरण चालू ठेवतात. त्यामागचे कारणही हेच.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार आणि केमो दोन्हींचा समावेश आहे. रेशन कार्डावर आणि आधारवर मुलाचे नाव एकसारखे आहे का, ते गावातून निघण्यापूर्वी पाहा. योजनेचे काम रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे असते. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. तिचा अर्ज रुग्णालयातून भरून घ्या.

आपल्या भागातील पालकांनी विशेष लक्षात ठेवायच्या गोष्टी

पूर्व विदर्भात सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे. मुलाची तपासणी झाली नसेल तर भूल आणि केमोच्या आधी करून घ्या. घरात कोणाला 'लाल' किंवा 'पिवळे' कार्ड मिळाले असेल तर ते न विचारताच डॉक्टरांना सांगा. सिकलसेल असलेल्या मुलाच्या अंगातले पाणी कमी होणे धोक्याचे असते, आणि केमोच्या उलट्यांमध्ये नेमके तेच होते.

दुसरी गोष्ट नायट्याची, म्हणजे गजकर्णाची. त्यासाठी औषधाच्या दुकानात सहज मिळणारी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल व्हिन्क्रिस्टिन चालू असताना घेतली, तर व्हिन्क्रिस्टिन शरीरात साठते. पोट गच्च होते, पाय लुळे पडतात, फिट येऊ शकते. व्हिन्क्रिस्टिनने तसेही बद्धकोष्ठ होते. तीन दिवस शौचाला झाली नाही, पाऊल घासत चालू लागले किंवा जबडा दुखतो म्हणाले, तर कळवा.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट ताप. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर केमो चालू असलेल्या मुलासाठी ती तातडीची वेळ आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आपल्याकडे ताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो. गावात एक इंजेक्शन देऊन 'उद्या बघू' म्हणतात. या मुलाला उद्यापर्यंत वेळ नसतो. मलेरियाची तपासणी जरूर करा, पण त्याच वेळी रक्तपेशींची मोजणी आणि शिरेतून प्रतिजैविके सुरू व्हायला हवीत. घरी असाल तर फाइल घेऊन थेट गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि वाटेतूनच आपल्या कॅन्सर डॉक्टरांना फोन करा. सिस्प्लॅटिन घेणाऱ्या मुलाला जेंटामायसिन किंवा अमिकासिन देण्याआधी त्यांना विचारायला सांगा, कारण दोन्ही मिळून कान आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात. डोक्यात शंट बसवलेला असेल आणि उलट्यांबरोबर सुस्ती वाढली, तर तो अडकला असण्याची शक्यता आहे. तेव्हाही थांबू नका.

किरणोपचार संपून महिना-दोन महिने झाले की काही मुले अचानक दिवसभर झोपू लागतात, चिडचिडी होतात, जेवत नाहीत. पालकांचा धीर सुटतो, आजार परतला असे वाटते. बहुतेक वेळा तो किरणांचा तात्पुरता परिणाम असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. तरी शहानिशा डॉक्टरांकडूनच करून घ्या.

नंतर काय सांभाळायचे?

उंची आणि थायरॉइडची तपासणी अनेक वर्षे करत राहावी लागते. ग्रोथ हार्मोन कमी पडणे ही या मुलांमध्ये नेहमीची गोष्ट आहे. केमोच्या हप्त्यांदरम्यान ऐकू येण्याची तपासणी करतात. बारीक आवाज ऐकू येईनासे झाले तर औषधाचा डोस बदलता येतो. शाळेत मूल हुशार असूनही हळू लिहिते, हळू उत्तर देते, फळ्यावरचे पुरे होण्याआधी तास संपतो. हा आळस नाही. गुरुजींना तसे पत्र डॉक्टरांकडून मागून घ्या. परीक्षेत जादा वेळ मिळाला तर ही मुले बरेच काही करून दाखवतात.

उपचार संपताना एक कागद मात्र मागायला विसरू नका. मेंदू आणि मणक्याला किती ग्रे दिले, गाठीच्या जागी एकूण किती झाले, कोणते औषध किती वेळा आणि एकूण किती दिले, हे सगळे त्यावर लिहिलेले असावे. त्याची एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवा आणि फोटो काढून दोघा-तिघांच्या मोबाइलवर ठेवा. वीस वर्षांनी हे मूल मोठे होऊन एखाद्या नव्या डॉक्टरसमोर बसेल, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न याच आकड्यांबद्दल असेल.