टपालाची वर्दी : लिनक्स संगणकावरील ई-मेल सूचनेचा इतिहास

संगणकाच्या इतिहासात यंत्राचा वेग, स्मृती आणि आकार यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु आलेल्या पत्राची वर्दी माणसाला कोण व केव्हा देतो, या प्रश्नाकडे दुर्लक्षच झालेले दिसते. प्रस्तुत लेखात लिनक्स संगणकावरील नव्या ई-मेलच्या सूचनेचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय निव्वळ तांत्रिक नाही. परिपत्रके व शिष्यवृत्तीच्या अंतिम तारखा आता ई-मेलने येतात. वर्दी चुकली तर नुकसान विद्यार्थ्याचे होते.

या परंपरेचे मूळ लिनक्सच्या जन्मापूर्वीचे (१९९१) आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८० साली ‘बिफ’ ही आज्ञा आली. बिफ हे तेथील हायडी स्टेटनर यांच्या कुत्र्याचे नाव. तो पोस्टमनवर भुंके म्हणून हे नाव पडले, अशी कथा रूढ झाली. मात्र खुद्द मालकिणीनेच ती नाकारली आहे. दंतकथा घडायला शतके लागतात, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा समज येथे टिकत नाही! ‘बिफ वाय’ असे टंकित केले की ‘कॉमसॅट’ नावाचा कार्यक्रम नव्या पत्राच्या आरंभीच्या ओळी थेट पडद्यावर उमटवी, मग तेथे कोणतेही काम चालू असो. ‘बिफ एन’ म्हटले की तो गप्प बसे.

पुढे ‘एक्सबिफ’मध्ये टपालपेटीचे चित्र आले. दर ३० सेकंदांनी पेटी तपासली जाई व पत्र दिसताच तिचा झेंडा उभा राही. सायकलची घंटा आणि ‘पोस्टमन’ ही हाक ओळखणाऱ्या आपल्या समाजाला हे प्रतीक परकेच. अमेरिकेतही तो झेंडा पत्र पाठवणारा उभारतो, पोस्टमनने ते न्यावे म्हणून. संगणकाने अर्थच उलटवला.

महाराष्ट्रात ‘अर्नेट’ प्रकल्पांतर्गत १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी यांच्यात डायल-अप दुवा जोडला गेला. पत्रे साठवून ठेवायची व फोन जोडून पुढे पाठवायची, अशी ती पद्धत होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तरी डायल-अपच्या काळात पेटी वारंवार तपासणे म्हणजे दूरध्वनीचे बिल वाढवणेच होते. म्हणूनच १९९७ च्या ‘आयमॅप आयडल’ या मानकाचे महत्त्व मोठे आहे. त्यामुळे संगणकाने पुनःपुन्हा विचारण्याची गरज उरली नाही. जोडणी चालू असेपर्यंत सर्व्हरच कळवू लागला. अर्थात त्यासाठी अखंड जोडणी हवी, आणि ती ग्रामीण भागात उशिरा पोहोचली.

आज थंडरबर्ड किंवा इव्होल्यूशनमध्ये ही सोय सहज लावता येते. मात्र कार्यक्रम बंद केल्यास त्याची वर्दीही थांबते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक जाहिरातीसाठी घंटा वाजू लागली की माणूस सूचनाच बंद करतो आणि परिपत्रकही हुकते. त्यापेक्षा इव्होल्यूशनमध्ये ठरावीक प्रेषकाच्या पत्रासाठीच आवाज करणारा नियम लावणे इष्ट. महाविद्यालयाच्या कार्यालयात एकाच संगणकावर अनेकजण बसतात. तेथे पत्राचा विषय पडद्यावर झळकतो, तेव्हा तो कोण वाचतो आहे, ही ‘बिफ’च्या काळातील अडचण अद्याप कायम आहे. निदान कुलूपबंद पडद्यावरील सूचना तरी बंद ठेवाव्यात.