वजनच उणे असेल तर? भास्कराचार्यांचं सोनं आणि सरासरी

परभणीच्या मोंढ्यात सरासरी सगळ्यांनाच येते. दहा पोती या भावानं, पाच त्या भावानं, मग एकंदर भाव काय पडला? इथे पोती म्हणजे वजनं. आता कुणी विचारलं, वजनच उणे असेल तर? आपण म्हणू, असं कुठं असतं का? उत्तरासाठी पावणेनऊशे वर्षं मागे जाऊ.

भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 ची. पुढे त्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळ पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. राज्य देवगिरीच्या यादवांचं, आणि आपला परभणीचा मुलूखही त्यातलाच.

'लीलावती'त सोन्याचं गणित आहे. 13, 12, 11 आणि 10 कसाचं सोनं अनुक्रमे 10, 4, 2 आणि 4 मासे. गुणून बेरीज 240, एकूण मासे 20, म्हणून मिश्रणाचा कस 12. मग ते तापवून शुद्ध केलं, 16 मासे उरलं. 240 भागिले 16, कस 15!

आता बघा, मुळात 13 च्या वर कसाचं सोनं नव्हतंच. मग 15 आले कुठून? जळून गेलेला 4 मासे हिणकस भाग, त्याचा कस शून्य. हिशेबात तो उणे 4 वजनानं आला. भास्कराचार्य असं म्हणत नाहीत, हे वाचन आपलं. पण गणित तेच आहे.

दुसरं उदाहरण त्रिकोणाचं. बाजू 10 आणि 17, पाया 9. लंब पायाच्या बाहेर पडतो, आणि पायाचे दोन भाग येतात उणे 6 आणि 15. भास्कराचार्य ही उणे संख्या टाकून देत नाहीत. ती उलट दिशेला मोजायची, असं सांगतात. पायाची टोकं 0 आणि 9 धरा, त्यांना 15 आणि उणे 6 वजनं द्या. सरासरी उणे 6, म्हणजे नेमकी लंबाची जागा.

पण 'बीजगणिता'त वानरांच्या कोड्याची दोन उत्तरं येतात, 50 आणि 5. पाचाच्या उत्तरात मधेच 'उणे दोन वानर' निघतात, म्हणून ते नाकारलं. लोकांना ते पटत नाही, असं कारण दिलं.

म्हणजे उणे वजन चालतं का, हे नुसतं सूत्र ठरवत नाही. काढून घेणं किंवा उलट दिशा, असा अर्थ लागला तर चालतं. वजनांची बेरीज मात्र शून्य नको, नाहीतर भागणार कशानं? आणि सरासरी मूळ आकड्यांच्या बाहेर गेली तर दचकायचं नाही. आधी विचारायचं, यातून काय काढून घेतलंय?