कयाधूकाठचे माहेर

परभणीच्या रेल्वे स्टेशनावर सचखंड एक्सप्रेस येऊन उभी राहिली की काही मिनिटे फलाटाचा नूरच पालटतो. अमृतसरहून निघून पंजाब, दिल्ली, माळवा, खानदेश मागे टाकीत ही गाडी नांदेडला निघालेली असते. निळ्या-केशरी पगड्या, गुडघ्यावर झोपलेली पोरे, आणि डब्याच्या दारांतून पुढे झालेली भांडी. वाटेतल्या काही ठरावीक स्टेशनांवर या गाडीच्या प्रवाशांना लंगरचे जेवण फुकट मिळते, आणि परभणी हे त्यांतले एक स्टेशन आहे. गोदावरीच्या खोऱ्यातल्या माणसाला यात आता नवल वाटत नाही. ‘हजूर साहिबला चाललेले यात्रेकरू’ एवढे म्हणून तो आपल्या कामाला लागतो.

पण या यात्रेकरूंपैकी काहीजण नांदेडचे दर्शन झाल्यावर लगेच परतीची गाडी धरीत नाहीत. ते हिंगोलीची वाट विचारतात, आणि तिथून कयाधू नदीकाठच्या एका लहानशा गावी जातात. गावाचे नाव नरसी. सर्व महाराष्ट्र त्याला ‘नरसी नामदेव’ म्हणतो. हा भाग १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नरसीला नामदेवांचे मंदिर आहे, तसा शिखांनी उभारलेला गुरुद्वाराही आहे. मराठवाड्यातल्या या आडगावाशी पंजाबच्या माणसाचे नाते काय? तो तिथे जाऊन मातीला हात लावतो, डोळे पुसतो, हे कशासाठी? त्याचा आजा-पणजा काही या गावचा नव्हे. तरीही तो येतो तो माहेरी आल्यासारखा.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सातशे वर्षे मागे जावे लागते.

शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीला दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी नामदेव जन्मले, असे वारकरी परंपरा सांगते. घर शिंप्याचे. कुळाचे मूळ गाव नरसी-बामणी. ही नरसी कोणती, याविषयी अभ्यासकांत वाद झालेले आहेत. कोणी ती कृष्णाकाठी कऱ्हाडकडे दाखवितात, तर कोणी जन्म पंढरपुरातच झाला असे मानतात. पण कयाधूकाठच्या लोकांनी हा मान पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरला, आणि पंजाबचा भाविक ज्या नरसीला येतो ती हीच. शिवाय नामदेवांच्या चरित्राचे कितीतरी धागे याच परिसरात येऊन गुंतले आहेत. ज्या विसोबा खेचरांनी त्यांना ‘देव कुठे नाही ते दाखव’ असा पेच घातला ते औंढ्या नागनाथाचे. ज्या जनाबाईने त्यांच्या घरी दळणकांडण करता करता मराठी कवितेत आपले घर केले ती गोदाकाठच्या गंगाखेडची. औंढा आता हिंगोलीत गेले. गंगाखेड अजून परभणीत आहे. जिल्ह्याच्या सीमा सरकारने आखल्या. संतांनी त्या विचारात घेतल्या नव्हत्या.

ज्ञानेश्वरांबरोबर नामदेवांनी केलेली तीर्थयात्रा आपल्याला ठाऊक असते. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. पुढे नामदेव पुन्हा उत्तरेकडे निघाले. या दुसऱ्या प्रवासाबद्दल आपल्या घरांतल्या पोथ्या फारसे बोलत नाहीत, आणि पंजाबची परंपरा मात्र तिथूनच बोलू लागते. आजच्या गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. तिथे त्या काळी रान होते, नामदेवांनी तिथे सुमारे वीस वर्षे वास केला, त्यांच्याभोवती शिष्य जमले आणि गाव वसले, असे तिकडे सांगतात. शिष्यांत बहोरदासाचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. नामदेवांच्या स्थानाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या करणारी बावा घराणी या शिष्यपरंपरेशी आपले नाते सांगतात. अठराव्या शतकात सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी घुमानची समाधी बांधली, आणि महाराजा रणजितसिंगाची सासू राणी सदाकौर हिने तिथल्या तळ्याचा जीर्णोद्धार केला. दरवर्षी माघाच्या दुसऱ्या दिवशी, आपली संक्रांत होते न होते तोच, घुमानला मोठी जत्रा भरते. नामदेवांनी देह तिथेच ठेवला, अशी त्या भाविकांची श्रद्धा आहे.

आपली श्रद्धा वेगळी. आपण म्हणतो, १३५० साली नामदेव पंढरपुरी महाद्वारात समाधिस्थ झाले, आणि संतांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. वारकरी त्या पायरीवर पाय देत नाही. माथा टेकवून पुढे जातो. पंजाबातले नामदेव हे निराळेच, नंतरचे कोणी असावेत, असेही काही अभ्यासकांनी मांडले आहे. वादाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. पण एका माणसाच्या दोन समाध्या, एकीपासून दुसरी दीड हजार किलोमीटरांवर, आणि दोन्हींवर शतकानुशतके दिवा तेवतो आहे, ही गोष्ट कोणत्याही निकालाने खोटी ठरणार नाही.

पंजाबात नामदेवांचे नाव विशेष जिव्हाळ्याने घेतले ते तिथल्या छिंबा समाजाने. कापडावर ठशांनी नक्षी छापणारे आणि कपडे शिवणारे हे लोक. त्यांना नामदेव आपले वाटले यात आश्चर्य नाही. देवळातून ‘हीन जातीचा’ म्हणून उठविला गेलेला, आणि ज्याच्यासाठी देऊळच फिरले असा हा शिंपी त्यांचा पूर्वज झाला. ते स्वतःला ‘नामदेववंशी’ म्हणवू लागले. वंश म्हणजे रक्त असा आपला हिशेब असतो. इथे तो चुकतो. मुलगा बापाचे नाव लावतो त्याच सहजतेने एका सबंध समाजाने एका परप्रांतीय संताचे नाव लावले, आणि त्या नावाबरोबर त्याचे गावही आपले म्हटले. देऊळ फिरल्याची ती कथा औंढ्याचे लोक आपल्या नागनाथाच्या देवळाविषयी सांगतात, आणि पंजाबातला भाविकही ती ओळखतो; कारण ती त्याच्या धर्मग्रंथातच आहे.

या नात्याचा खरा आधार हा ग्रंथच होय. १६०४ साली पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा गुरूंच्या वाणीबरोबर अनेक संतांची वाणी त्यात घेतली. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती हिंदीच्या जुन्या वळणाची आहेत. पण मधूनच विठ्ठल ‘बीठल’ होऊन भेटतो, आणि एके ठिकाणी तर ‘नाम्याचा स्वामी’ म्हणताना चक्क आपला षष्ठीचा ‘चे’ येतो. अमृतसरपासून कॅनडापर्यंत जिथे जिथे ते पद गायले जाते तिथे तिथे हा मराठी प्रत्यय गायला जातो. गाणाऱ्याला तो मराठी आहे हे ठाऊक असेलच असे नाही. आईची एखादी सवय मुलाच्या हातात उतरावी आणि ती कुणाची हे त्याला सांगता येऊ नये, तसेच हे आहे.

आणखी एक योगायोग असा की, हा ग्रंथ अखेर नामदेवांच्याच मुलखात येऊन गुरुपदी बसला. १७०८ साली गुरू गोविंदसिंग गोदावरीच्या तीरी नांदेडला आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी देह ठेवला, आणि आपल्यामागे कोणी मनुष्य गुरू न नेमता ग्रंथालाच गुरू मानण्याची आज्ञा दिली, असे शीख परंपरा मानते. नांदेडहून नरसी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. नरसीच्या शिंप्याची वाणी उत्तरेला गेली, पंजाबच्या ग्रंथात गुंफली गेली, आणि चार शतकांनी कयाधूच्या शेजारच्या खोऱ्यात परत आली ती गुरू म्हणून!

नांदेडमुळे या कथेला दुसरे अंगही आले. १८३२ च्या सुमारास महाराजा रणजितसिंगाने निजामाच्या मदतीला शीख फौज पाठविली. निजामाचा कारभारी चंदूलाल स्वतः पंजाबी खत्री होता. त्याच्या खटपटीने हे घडले. ‘लाहोरी फौज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या शिपायांपैकी पुष्कळजण परत गेलेच नाहीत. नांदेडचा आजचा मुख्य गुरुद्वाराही त्याच वर्षांत, १८३२ ते १८३७ मध्ये, रणजितसिंगाच्या द्रव्याने उभा राहिला. शिपायांनी इथे घरे केली, इथल्या मुलींशी लग्ने केली. त्यांच्या वंशजांना ‘दखनी शीख’ म्हणतात. घरी बोलणे दखनी वा मराठी, ताटात ज्वारीची भाकरी, आणि पाठ मात्र गुरुमुखीतून. पंजाबात गेल्या काळात उपासनेच्या काही रीती बदलल्या. नांदेडच्या तख्ताने जुन्या रीती जपल्या. दिव्यांची आरती आणि शस्त्रांचे पूजन तिथे अजून चालते. दिवाळीच्या सुमारास तिथे तख्तस्नान होते: सेवेकरी घागरी घेऊन गोदावरीवर जातात, पाणी आणतात, आणि सारे तख्त व गुरूंची शस्त्रे त्या पाण्याने धुऊन निघतात. घरापासून दूर गेलेला माणूस कित्येकदा घरच्यापेक्षा अधिक जुना राहतो, तो असा.

असे दुहेरी नाते जगात इतरत्रही दिसते. लेबनॉनच्या डोंगरांत मॅरोनाइट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. सीरियातल्या मारून नावाच्या तपस्व्यावरून हे नाव पडले. त्यांची बोली अरबी. पण उपासनेत त्यांनी प्राचीन सीरियाक भाषा जपून ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दंगे, दारिद्र्य आणि पुढे पहिल्या महायुद्धातला भीषण दुष्काळ यांनी ते देशोधडीला लागले, आणि ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे विखुरले. आज ते लेबनॉनमध्ये आहेत त्यांहून बाहेरच अधिक आहेत. तरी त्यांचा मुख्य धर्मगुरू लेबनॉनमधल्या ब्केर्के येथे असतो, आणि दूरच्या लेकरांसाठी स्वतंत्र धर्मप्रांत निघाले: अमेरिकेत १९६६ साली, ऑस्ट्रेलियात १९७३ साली. मराठी वाचकाच्या ओळखीचा खलील जिब्रान याच पंथातला. लहानपणीच आईबरोबर तो अमेरिकेस गेला. मोठेपणी धर्मसत्तेवर त्याने कोरडे ओढले. पण १९३१ साली न्यूयॉर्कला तो वारला तेव्हा त्याचे शव समुद्रापार बशर्री या जन्मगावी नेण्यात आले, आणि तिथल्या एका जुन्या मठात त्याला चिरविश्रांती मिळाली. आपल्या पुस्तकांचे उत्पन्नही त्याने मृत्युपत्राने गावालाच दिले. धर्मगुरूंशी त्याचे भांडण होते, गावाशी नव्हते.

मॅरोनाइटांचे नाते एका मुख्य पीठाने, धर्मप्रांतांनी, नेमलेल्या अधिकाऱ्यांनी सांभाळले. नरसी आणि घुमान यांच्यामध्ये असे काय होते? पीठ नव्हते, वतन नव्हते, पत्रव्यवहार नव्हता. होती फक्त ६१ पदे. ती रोजच्या पाठात होती म्हणून नाते टिकले.

आणि इथेच आपल्याला थोडे खाली मान घालून विचार करावा लागतो. हे नाते फार काळ एकाच बाजूने सांभाळले गेले. पंजाबचा भाविक नरसीचा पत्ता विचारीत येत राहिला. घुमानचा पत्ता मात्र आपल्यांपैकी किती जणांना ठाऊक होता? मुलगा परदेशी जाऊन कर्ता झाला, तिथे त्याचा मोठा गोतावळा उभा राहिला, आणि घरच्यांनी त्याची कधी चौकशीच केली नाही, असे झाले. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन घुमानला भरले. अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक सदानंद मोरे. एवढ्या लांब संमेलन कशाला, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. पण मराठी माणसे त्या निमित्ताने हजारोंनी तिथे गेली, आणि आपल्या नामदेवाला तिथे ‘बाबा नामदेव’ म्हणतात हे प्रत्यक्ष कानांनी ऐकून आली. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जावे आणि भिंतीवर आपल्याच आजोबांची तसबीर दिसावी, असा तो अनुभव होता.

माहेर म्हणजे काय, याचा विचार आपण सहसा लेकीच्या बाजूने करतो. तिला ओढ असते, ती वाट पाहते, ती ओव्यांतून भावाला बोलावते. पण माहेर टिकते ते नुसत्या लेकीच्या ओढीने नव्हे. उंबऱ्यावर कोणीतरी उभे असावे लागते. नरसीला येणाऱ्या पंजाबी माणसाला गावातल्या कोणी ‘बसा, पाणी घ्या’ म्हटले तर त्याच्या सातशे वर्षांच्या चालण्याचे सार्थक होते. आणि तसे म्हणायला पंजाबी यावी लागत नाही.

ही दिवाळी आटोपली की अकराव्या दिवशी प्रबोधिनी एकादशी येईल. नामदेवांचा जन्मदिवस. कयाधूच्या काठी आणि चंद्रभागेच्या वाळवंटी टाळ वाजतील. त्यानंतर चारच दिवसांनी कार्तिकी पौर्णिमा; गुरू नानकांची जयंती. नांदेडला गोदावरीत दिव्यांची प्रतिबिंबे पडतील, आणि पहाटेच्या कीर्तनात कोणी रागी कदाचित तो ‘बीठल’ आळवील. परभणीच्या फलाटावर त्या सुमारास पाहुणे उतरतील. आपल्यांपैकी कोणी तिथे असेल तर त्याने एवढे करावे, की नरसीची वाट विचारणाऱ्याला ती नीट दाखवावी, आणि जमले तर चार पावले बरोबर चालावे.