‘दिसलं तर कळवा’



बुंदेलखंडातल्या मराठी खुणा शोधत शोधत आपण आज समथरला आलो आहोत. झाशी जिल्हा, मोंठ तहसील. झाशी-कानपूर हमरस्त्यावर मोंठला थांबायचं आणि आत वळायचं. पश्चिमेला पहूज नदी, पूर्वेला बेतवा, मध्ये सपाट शेतं आणि त्या सपाटीवर एकदम समोर उभा राहणारा किल्ला. गुर्जर राजांचं हे छोटंसं संस्थान. एकीकडे दतिया, दुसरीकडे नेवाळकरांची झाशी आणि वरच्या अंगाला ग्वाल्हेरचे शिंदे. एवढ्या मोठ्या शेजाऱ्यांच्या मधोमध हे राज्य टिकलं, १८१७ साली इंग्रजांशी तह करून पुढे स्वातंत्र्यापर्यंत चाललं. १८५८च्या एप्रिलमध्ये राणी लक्ष्मीबाई झाशी सोडून भांडेरमार्गे काल्पीकडे दौडत गेल्या, त्या याच मुलुखाच्या कडेने.

पण घोडदौडीवर आपण मागे पुष्कळ बोललो. आज मी तुम्हाला तटावरून खाली नाही, वर बघायला सांगणार आहे.

इथून ग्वाल्हेर सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. शिंद्यांच्या स्वाराला हे अंतर कापायला दोन दिवस लागले असते. ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावरून उडालेलं लढाऊ विमान ताशी ९०० किलोमीटरने आलं, तर मिनिटाला १५ किलोमीटर. म्हणजे सहा मिनिटांच्या आत ते समथरवर. चहा निवायच्या आत. १९८५ पासून मिराज २००० विमानं ग्वाल्हेरला आहेत आणि हवाई लढाईचे डावपेच शिकवणारी वायुसेनेची संस्थाही तिथेच. तेव्हा या भागातल्या शेतकऱ्याला आकाशातली गर्जना नवी नाही. आवाज आला की तो वर बघतो, आणि विमान केव्हाच पुढे गेलेलं असतं.

माझा प्रश्न असा, की जमिनीवर स्थिर उभ्या असलेल्या माणसाला जे विमान सापडत नाही, ते दुसऱ्या विमानात बसलेल्या माणसाला कसं सापडतं? आणि नाही सापडलं तर?

तुम्ही म्हणाल, सैन्यातल्या माणसाला विमानांचं काय? मी तोफखान्यातला. तोफखान्याचं आणि विमानाचं नातं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्टर नावाच्या हलक्या विमानात बसून तोफखान्याचा अधिकारी शत्रूच्या जागा हेरायचा आणि गोळा कुठे पडला ते वायरलेसवर सांगायचा. याला ‘एअर ओपी’ म्हणत. ओपी म्हणजे टेहळणीचं ठाणं. हे ठाणं हवेत, एवढाच फरक. स्वातंत्र्यानंतरही हे काम तोफखान्याकडेच राहिलं. १ नोव्हेंबर १९८६ला आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली. आज तिचे वैमानिक नाशिकच्या गांधीनगरला शिकतात आणि आमचं तोफखान्याचं माहेर देवळाली तिथून शेजारीच. एअर ओपीच्या माणसाला दुसऱ्या विमानापासून तर दूर राहावं लागतंच, शिवाय स्वतःच्याच तोफांच्या गोळ्यांपासूनही. तोफ आणि लक्ष्य यांना जोडणारी रेघ मनात आखायची आणि त्या रेघेवर जायचंच नाही. हा पहिला धडा.

दुसरा धडा मला बबीनाच्या फायरिंग रेंजवर मिळाला. बबीना झाशीच्या दक्षिणेला. चीता हेलिकॉप्टरमध्ये मी वैमानिकाच्या डाव्या हाताला बसलो होतो. हवा स्वच्छ होती. वैमानिकाने समोरच्या काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाला, “सर, हा ठिपका बघा. हलत नाहीये.” मला तो काचेवरचा डाग वाटला. त्याने लगेच उंची कमी केली, उजवीकडे वळला. थोड्या वेळाने त्या ठिपक्याचं हेलिकॉप्टर झालं आणि आमच्या डावीकडून बरंच वरून गेलं. मी विचारलं, इतक्या लवकर कसं कळलं? तो म्हणाला, “जो सरकतो त्याची काळजी नसते सर. जो एका जागी राहतो आणि मोठा होत जातो, तो आपल्याकडेच येत असतो.”

ही खरं तर दर्यावर्दी लोकांची जुनी अक्कल. समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर ठरलेली. आकाशाने समुद्राकडून आणखीही पुष्कळ घेतलं. डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळा. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर उजव्या हाताला असलेल्याला आधी जाऊ द्या. रस्त्यावर डावीकडून चालणारा आपला देश आकाशात मात्र उजवीकडून चालतो!

गोची अशी, की मानवी डोळा हलणारी वस्तू चटकन पकडतो आणि स्थिर वस्तूकडे दुर्लक्ष करतो. धोक्याचं विमान नेमकं स्थिर दिसतं. त्यात भर म्हणजे रिकाम्या निळ्या आकाशात बघायला काही नसलं, की डोळा आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावतो, लांबचं धूसर होतं. म्हणून वैमानिकाला शिकवतात, नजर फिरवत नेऊ नकोस. आकाशाचे छोटे तुकडे कर, एकेका तुकड्यावर क्षणभर थांब. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा एक हिशेब प्रसिद्ध आहे. वस्तू दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, टक्कर होणार हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि मग विमान वळणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद. आता दोन लढाऊ विमानं ९००च्या वेगाने समोरासमोर आणा. सेकंदाला ५०० मीटर अंतर मिटतंय. साडेबारा सेकंदांत सव्वासहा किलोमीटर. मिराजच्या पंखांची रुंदी साधारण ९ मीटर. सव्वासहा किलोमीटरवरून ती, हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढीही दिसत नाही. आणि तोवर तुम्ही ती पाहिलेली असली पाहिजे!

हे जगाला कळायला बराच काळ गेला. ७ एप्रिल १९२२ला उत्तर फ्रान्समध्ये पॅरिस-लंडन मार्गावरची दोन विमानं धुक्यात समोरासमोर धडकली, ७ माणसं गेली. त्या काळी वैमानिक खालचा रस्ता बघत उडत. दोघेही एकाच मार्गावर, उलट दिशांनी. पुढे ३० जून १९५६ला अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन मोठी प्रवासी विमानं २१ हजार फुटांवर धडकली, १२८ मृत्यू. तिथे नियंत्रकाची देखरेख नव्हती, ‘बघा आणि टाळा’ एवढाच नियम. दोन वर्षांत अमेरिकेने नवा कायदा केला.

डोळ्यांवर किती भरवसा ठेवावा, याचा मासला आपल्या मुंबईतही आहे. जुहू आणि सांताक्रूझ, दोन विमानतळ हाकेच्या अंतरावर. १५ जुलै १९५३ला ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. १९७२च्या सप्टेंबरमध्ये जपानी विमानानेही तेच केलं आणि ते धावपट्टीच्या पुढे गेलं. विमान निकामी झालं, माणसं वाचली. अख्खा विमानतळ जिथे चुकतो, तिथे आकाशातल्या ठिपक्याचं काय घेऊन बसलात?

आता चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळचे सुमारे ६ वाजून ४० मिनिटं. सौदी कंपनीचं बोइंग ७४७ दिल्लीहून निघालेलं, ३१२ माणसं. कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीकडे येणारं, ३७ माणसं. येण्याचा आणि जाण्याचा मार्ग एकच, कारण दिल्लीच्या भोवतालचं बरंच आकाश वायुसेनेसाठी राखलेलं. सौदीला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलेलं, कझाकला १५ हजारांवर. मध्ये हजार फूट. कागदावर व्यवस्था चोख होती. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. उंची वैमानिक सांगेल ती.

नियंत्रकाने कझाक विमानाला कळवलं, की समोरून सौदीचं विमान येतंय, १४ मैलांवर. दिसलं तर कळवा. मंडळी, या तीन शब्दांवर मी पुष्कळदा थांबतो. दिसलं तर कळवा. बाहेर अंधार पडलेला आणि ढग. दोघांचा मिळून वेग बघता १४ सागरी मैल म्हणजे जेमतेम सव्वा मिनिट. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता. त्याच्या समोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्र नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागे. इंग्रजी त्यालाच त्यातल्या त्यात बरं येत होतं. त्याने अंतर पुन्हा विचारून घेतलं आणि बघतोय म्हणून सांगितलं. तोवर त्याचं विमान १५ हजार फूट सोडून खाली, सौदीच्या पातळीवर आलं होतं. जवळून चाललेल्या अमेरिकन हवाई दलाच्या मालवाहू विमानाच्या वैमानिकाला ढगात पेटलेला उजेड दिसला. ३४९ माणसं होती, एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरींत याहून मोठी आजवर झालेली नाही.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत ठपका कझाक वैमानिकांवर आला, कारण त्यांनी ठरवून दिलेली उंची सोडली. ते बरोबरच आहे. पण मला विचाराल, तर ज्या रचनेत शेवटचा पहारा म्हणून अंधारातल्या डोळ्यांना उभं केलं, तीही तितकीच जबाबदार. पुढे भारतात येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले, उंची दाखवणारं रडार आलं आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. दोन विमानांची यंत्रं आपसात बोलतात. एकाला ‘चढ’ सांगतात, दुसऱ्याला ‘उतर’. यंत्र काही सांगत असताना जमिनीवरचा नियंत्रक उलटं सांगत असेल तर कुणाचं ऐकायचं, हा घोळ १ जुलै २००२ला जर्मनीच्या दक्षिणेकडे ७१ जीव घेऊन मिटला. ऐकायचं यंत्राचं.

लढाऊ विमानांचं मात्र असं नाही. तिथे जवळ जाणं हेच काम आहे. दोन विमानांनी एकमेकांच्या शेपटीमागे लागायचं, मग ‘लांब हो’ म्हणणारं यंत्र काय उपयोगाचं? म्हणून हवाई लढाईच्या सरावात जगभर वेगळे नियम आहेत. प्रत्येकाला उंचीचा आपला पट्टा. समोरचा डोळ्यांनी दिसल्याचं रेडिओवर सांगितल्याशिवाय तो सोडायचा नाही. प्रत्येक विमानाभोवती एक अदृश्य फुगा मानायचा आणि त्यात घुसायचं नाही. दिसेनासा झाला, की लगेच तसं बोलायचं. कुणीही, अगदी सगळ्यात कनिष्ठाने ‘थांबा’ म्हटलं, की सराव तिथेच थांबतो. त्यात कमीपणा नाही. सैन्यात कनिष्ठाच्या शब्दावर सगळे थांबतात, अशा जागा फार नाहीत. रेंजवर गोळीबार थांबवण्याची हाक ही आमच्याकडची तशी एक.

२८ जानेवारी २०२३च्या सकाळी ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेली दोन विमानं, एक सुखोई ३० आणि एक मिराज २०००, मुरैना जिल्ह्याच्या परिसरात कोसळली. अवशेषांचा काही भाग राजस्थानात भरतपूरकडे पडला. सुखोईचे दोघे वैमानिक छत्रीने उतरून वाचले. मिराजमध्ये एकटे विंग कमांडर हनुमंतराव सारथी होते, ते गेले. आपल्या बेळगावचे. हवेत नेमकं काय घडलं, ते सांगण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्यांचा. मी इथे बसून त्यावर बोलणार नाही. बेळगावात त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला गेला.

पुढच्या भागात आपण इथून कोंचला जाऊ. ७ मे १८५८ची लढाई तिथली, आणि त्या दिवशीचं ऊन हा स्वतंत्र विषय आहे.