कॅराव्हॅनमधील बॅटरी-चार्जिंगचे दोष

कॅराव्हॅन किंवा मोटारहोममध्ये बहुधा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करते. दुसरी आतले दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालवते. या नोंदीत तिला ‘घरची बॅटरी’ म्हटले आहे. घरची बॅटरी तीन वाटांनी भरते : गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून (गॅरेजमध्ये त्याला अजूनही ‘डायनॅमो’च म्हणतात), उभ्या गाडीत 230 व्होल्टच्या जोडणीवरून चार्जरने आणि टपावरच्या सौर पॅनेलवरून. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर ही वाहने राज्यात ओळखीची होऊ लागली. देशात त्यांच्या मान्यतेसाठी एआयएस-124 हे मानक आहे.

उदाहरणार्थ, नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पला मुंबईहून येणारी गाडी कसारा घाट चढून चार-पाच तासांत पोहोचते आणि लॅम रोडच्या बाजूला एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात, झाडाखाली उभी राहते. रात्री पंखा मंदावतो, पहाटे पंप चालत नाही, आणि ‘बॅटरी गेली’ असा निकाल लागतो. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. बॅटरी चांगली असते, पण तिच्यापर्यंत वीज नीट पोहोचत नाही. नव्या बॅटरीवर हजारो रुपये घालण्याआधी मल्टीमीटर हातात घ्यावा, कारण वाट दुरुस्त केली नाही तर नवी बॅटरीही काही महिन्यांत तशीच बसते.

मोजमाप तीन अवस्थांत करावे. गाडी बंद, भार बंद आणि बॅटरीला काही तास विश्रांती दिलेली, ही पहिली अवस्था. 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी तेव्हा पूर्ण भरलेली असल्यास 12.6 ते 12.7 दाखवते, निम्मी उतरलेली 12.1 ते 12.2, आणि 11.8 च्या आसपास ती रिकामी समजावी. चार्जिंग थांबताच घेतलेला आकडा फसवा असतो. पूर्ण चार्ज करून विश्रांती दिल्यावरही आकडा 10.5 च्या आसपास राहिला, तर एक सेल शॉर्ट झाल्याची शंका घ्यावी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर अधिक बोलतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाची घनता प्रकारानुसार 1.24 ते 1.28 असते, इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खालच्या टोकाकडे, इंजिनची वरच्या. पाच सेल सारखे आणि सहावा 0.05 ने मागे असेल, तर दोष खरोखर बॅटरीचाच.

दुसरी अवस्था इंजिन चालू असतानाची. इंजिनच्या बॅटरीवर 14.2 च्या जवळ आकडा आला आणि घरच्या बॅटरीवर 13 च रेंगाळला, तर चोर मधल्या वायरीत आहे. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धन खुंटीवर आणि दुसरे घरच्या बॅटरीच्या धन टर्मिनलवर लावावे. दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळत आहेत. मग हीच चाचणी ऋण बाजूला, म्हणजे अर्थवर करावी. ही बाजू हमखास विसरली जाते. 6 चौरस मिमीची तांब्याची वायर 6 मीटर जाऊन परत आली, तर तिचा रोध सुमारे 0.035 ओहम होतो आणि 30 अँपिअरला 1 व्होल्टहून अधिक तिथेच संपतो. 25 चौरस मिमीच्या वायरीत ही गळती पाव व्होल्ट राहते. वायर जाड असूनही गळती असेल तर फ्यूज, दोन बॅटऱ्या जोडणारा रिले आणि वायरीच्या टोकांचे लग एकेक करून तपासावेत. टर्मिनलवर निळसर पांढरी पूड फुललेली असते. ऋण वायर आधी सोडावी, खायच्या सोड्याचे कोमट पाणी पूड फसफसायची थांबेपर्यंत ओतावे, कोरडे पुसून कानस मारावी, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. बरेचदा दुरुस्ती एवढीच निघते.

अलीकडच्या अनेक बीएस-6 गाड्यांत मात्र अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तिथे साधा रिले पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो.

मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांत 24 व्होल्टसाठी 12 च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडतात. टेप, दिवे किंवा मोबाइल चार्जरसाठी यातल्या एकीवरूनच 12 व्होल्ट काढून घेण्याची सवय आपल्याकडे खोलवर आहे, आणि तिने जितक्या बॅटऱ्या मारल्या तितक्या उन्हाने क्वचितच मारल्या असतील. भार सोसणारी बॅटरी कायम अर्धपोटी राहते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते. दुसरी मात्र जास्त चार्ज होऊन पाणी उकळून टाकते. दोन्हींचे व्होल्टेज वेगवेगळे मोजले की फरक लगेच कळतो. उपाय 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर किंवा बॅटरी बॅलन्सर.

तिसरी अवस्था मुक्कामाची. बंगल्यातून लांबवर ओढलेल्या बारीक एक्स्टेंशन वायरीत व्होल्टेज पडते आणि काही चार्जर मुकाट्याने बंद होतात. प्लग तापतो का, हे हाताला कळते. झाडाची सावली माणसांना सुखाची, पॅनेलला घातक : एका कोपऱ्यावरच्या सावलीनेही वीजनिर्मिती प्रमाणाबाहेर घटते. पावसाळ्यात नाशिककडच्या ढगाळ आठवड्यात फक्त पॅनेलवर विसंबू नये.

ऋतूचाही हिशेब असतो. शिसे-आम्ल बॅटरीला 25 अंशांच्या वर दर अंशाला सुमारे 24 मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात, खाली तितकेच जास्त. म्हणजे मे महिन्यात बॅटरीच्या कप्प्यात 40 अंश असतील तर 14.4 ऐवजी 14.04 पुरतात, आणि डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांना 14.76 लागतात. तापमान-संवेदक नसलेला चार्जर उन्हाळ्यात पाणी आटवतो आणि हिवाळ्यात बॅटरी अर्धी ठेवतो. पाणी फक्त डिस्टिल्डच घालावे, बोअरचे कधीच नाही.

काही वेळा दोष कुठेच नसतो, हिशेब चुकलेला असतो. शिसे-आम्ल बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत भराभर भरते, उरलेल्या 20 टक्क्यांना कित्येक तास लागतात. मुंबई-देवळाली प्रवास त्याला अपुरा. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर 1 अँपिअर खात असेल तर दिवसाला 24 अँपिअर-तास जातात, आणि 50 मिलिअँपिअरची बारीक गळती दोन महिने उभ्या गाडीतून 72 अँपिअर-तास काढते. परतल्यावर गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून ऋण टोक सोडून ठेवावे, आणि चार्जिंगच्या वेळी कप्पा उघडा ठेवावा, कारण बाहेर पडणारा हायड्रोजन एका ठिणगीने पेटतो.