मधल्या डावात संघनायक बदलतो तेव्हा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हणालो की माझी शाळा सातवीत सुटली आणि पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीतल्या एका मोडक्या कपाटापुरते झाले. ते म्हणाले, चालेल. म्हणून राजेरजवाड्यांना हात न लावता मी खेळाच्या मैदानावरचा एक प्रसंग आपल्यापुढे ठेवणार आहे. तो आठवण्याला निमित्त झाले ते मात्र अलीकडचे.

2018 सालच्या ऑक्टोबरात आमच्या खडकवासल्याची चार तरुण मुले मला बाळेवाडीला फुटबॉलचा सामना पाहायला घेऊन गेली. एफसी पुणे सिटी हा त्यांचा संघ. नारिंगी सदरे चढवून, घसा बसेपर्यंत ओरडायच्या तयारीने ती निघाली होती. बंगळूरने त्या दिवशी 0-3 असा धुव्वा उडवला, आणि सिंहगड रस्त्याने घरी परतताना कोणी कोणाशी बोलेना. त्याआधी दिल्लीशी बरोबरी आणि मुंबईकडून हार झालेली. तीन सामन्यांच्या एवढ्या हिशेबावर काही दिवसांतच स्पॅनिश प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना नारळ मिळाला. प्रद्युम रेड्डी तात्पुरते आले, डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राऊन आले.

मुलांत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "काका, हे बरेच झाले, नाहीतर सगळा मोसम पाण्यात गेला असता." दुसरा म्हणे, "दर वर्षी नवा माणूस! गेल्या मोसमात पोपोविचने उपांत्य फेरी गाठून दिली, तो तरी कुठे राहिला?" ते खरेच होते. 2014 पासून कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, अशी दर मोसमाला नव्या नावाची पाटी. मी आपला कामगाराच्या बाजूने बोललो: कारखान्यात नव्या गड्याला सहा महिने प्रोबेशन मिळते, इथे तीन सामने. पण त्या चौघांतला जो सर्वांत गप्प होता त्याने एकच प्रश्न केला. "आपल्याला कोणी विचारले का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी, 2019 साली, तो क्लबच राहिला नाही आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. सदरे तेवढी मुलांच्या घरी राहिली.

प्रेक्षकाला मत नसते, आवाज असतो. मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केले, तेव्हा 2024 साली वानखेडेवर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला ती आवडली नाही. निर्णय मालकांचा आणि शिव्या कामावर आलेल्या माणसाला, हा प्रकार आम्ही गिरण्या-कारखान्यांत फार पाहिला आहे. नवा मुकादम आला की लोक मुकादमावर दात धरतात. त्याला नेमणारा वरच्या मजल्यावर निवांत चहा पीत असतो. तरुणपणी मीही एका मुकादमाशी असा भांडलो आणि आठवडाभराची मजुरी गमावून बसलो, ते असो.

पण खेळणाऱ्यांनीच या प्रश्नाला हात घातला, असे एकदा घडले आहे. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षांहून मागे जावे लागेल, आणि आरंभ पुण्यातच करावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात पालवणकर बाळू नावाचा एक पोरगा महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टीवर रोळ फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा तासन् तास चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नाणावलेला फलंदाज त्याच्याच चेंडूंवर तयार झाला. बाळूच्या हाती बॅट मात्र कोणी कधी दिली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची, अशी ती श्रमविभागणी होती! बाळूचा जन्म चांभार समाजातला. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबात वाद माजला: याला घ्यावे की न घ्यावे? युरोपियनांना हरवायची हौस मोठी, म्हणून शेवटी घेतले. मैदानात सर्वांनी त्याच्या हातचा चेंडू झेलावा, आणि चहाच्या वेळी त्याने मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा प्यावा, जेवायला वेगळे बसावे, अशी व्यवस्था होती. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत का, असे न्यायमूर्ती रानड्यांनी या मंडळींना सुनावल्याची हकीकत प्रसिद्ध आहे.

पुढे बाळू मुंबईला गेला. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले त्या संघात तो आणि त्याचा भाऊ शिवराम, दोघेही होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला, तेव्हा बाळूने तिथे 114 बळी घेतले. विठ्ठल हा धाकटा भाऊ उत्कृष्ट फलंदाज निघाला. इतके असूनही हिंदू संघाचे नायकत्व या घरात येत नव्हते.

आणि मग 1920 साल उजाडले. संघनायक एम. डी. पै आजारी पडल्याने चौरंगी स्पर्धेचा पहिला सामना खेळू शकत नव्हते. त्यांच्या जागी कोण? निवड समितीने बाळूला संघातूनच वगळले आणि नायकत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले. देवधर थोर फलंदाज होते आणि यात त्यांचा काही अपराध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु अनुभवाने विठ्ठल आणि शिवराम त्यांच्या पुढे होते. त्या दोघा भावांनी काय केले? संघातून अंग काढून घेतले, आणि पत्रक काढून लोकांना कारण सांगितले: आम्हाला डावलण्यामागे खेळ नसून जात आहे.

या पत्रकाला मी संपाची नोटीस म्हणतो. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला मुंबईत आयटक स्थापन झाली. त्याच वर्षी जानेवारीत बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाची हाक दिली. भावांनी यातल्या कोणाचा सल्ला घेतला असे मी म्हणत नाही. परंतु हवेत जे होते ते मैदानावरही आले असणार. गॅलरीतल्या माणसाने ओरडावे आणि घरी जावे; यांच्याजवळ मात्र रोखून धरायला स्वतःचे श्रम होते, आणि ते नसले तर संघ दुबळा होतो हे समितीला ठाऊक होते. आमच्या धंद्यात यालाच आम्ही ताकद म्हणतो.

अंतिम सामना पारशांशी होता. त्यापूर्वी समितीला माघार घ्यावी लागली. पै बरे होऊन परतले, बाळूला परत बोलावून उपनायक केले गेले, आणि विठ्ठल व शिवरामही संघात आले. इथे पै यांच्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. हा सारस्वत गृहस्थ पूर्वीही जाहीरपणे म्हणाला होता की नायकत्वाचा मान खरा बाळूचा. आता सामना चालू असताना तो मुद्दाम मैदान सोडून तंबूत जाऊन बसला, म्हणजे उपनायक या नात्याने संघ चालविण्याचे काम बाळूकडे आपोआप आले. कोणत्याही समितीने ठराव केला नाही. त्या एवढ्याशा अवधीत, पंचेचाळिशीच्या घरातला तो माणूस हिंदू संघाचे क्षेत्ररक्षण लावीत उभा होता.

विठ्ठलला नायकत्व मिळायला 1923 साल यावे लागले. त्या वर्षी हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. ज्यांनी उचलले त्यांत सर्व जातींचे लोक असणार. सामना संपल्यावर खांद्यावर घेतलेल्या माणसाला घरी चहाला किती जणांनी बोलावले, याची नोंद मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर चार वर्षांनी, 1927 साली, व्हायचा होता.

आमचा तो गप्प मुलगा आज एका कारखान्यात कंत्राटावर लागला आहे. मागच्या महिन्यात तो युनियनच्या कचेरीत आला आणि सभासदाचा फॉर्म मागू लागला. अंगात तोच नारिंगी सदरा होता, बाहीवर थोडा उसवलेला.